तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा ९५, तरी ऑक्सिजन कशाला?

डोक्याला मार लागलेला माणूस गाडीत घेतला की सोबतचे नातेवाईक ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र) बघून हमखास विचारतात, "डॉक्टर, पंच्याण्णव दाखवतंय ना, मग मास्क कशाला?" मी धुळे-जळगाव पट्ट्यात १०८ च्या रुग्णवाहिकेवर असतो. तिथे बोलायला उसंत नसते, म्हणून इथे सांगतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो. साठा मात्र जवळजवळ नाहीच. अपघातातून बचावलेल्या पेशी आधीच कशाबशा तग धरून असतात. आकडा थोडा वेळ जरी ९० च्या खाली गेला, तरी त्या हातच्या जाऊ शकतात. आणि ९० नंतरची घसरण कन्नड घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकसारखी असते. बोटावरचं यंत्र ती दाखवतं तेही थोडं उशिरानेच. रक्तस्रावाने बोटं गार पडली असतील, तर त्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. म्हणून घसरण्याआधीच मास्क.

पण मास्कच्याही आधी श्वासाची वाट मोकळी हवी. रस्त्यावर जमलेली माणसं सांगतात, "झोपेल शे तो, घोरी ऱ्हायना." ते घोरणं झोपेचं नसतं. बेशुद्धीत जीभ मागे पडून घसा अडतो, त्याचा तो आवाज असतो. मान न हलवता जबडा पुढे उचलला, तोंडातलं रक्त ओढून काढलं, की बऱ्याचदा श्वास मोकळा होतो. कृपा करून अशा माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवून तो शुद्धीवर येणार नाही.

श्वास फारच मंदावला तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची पिशवी, दाबावी लागते. "जोरात दाबा, साहेब!" हे मी सतत ऐकतो. ती माया मला कळते, पण मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण १० श्वास पुरतात. भराभर दाबलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्तच कमी पोचतं. बोटावर १०० दिसत असतं आणि आत मेंदू उपाशी.

ऑक्सिजन पडू न देणं, रक्तदाब राखणं आणि बॅग जास्त न दाबणं ही त्रिसूत्री अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात रुग्णवाहिकांमधून राबवली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. सगळे रुग्ण मिळून जगण्यात फरक दिसला नाही, पण गंभीर दुखापतीच्या गटात वाचण्याची शक्यता ठळकपणे वाढली होती. आमच्या गाडीत मास्क, अंबू बॅग आणि बीपीचं यंत्र आहे. त्यासाठी न्यूरोसर्जनपर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही.