तुम्ही विचारलंत म्हणून: फियाटचे पार्ट मिळतात का?

पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारतात. "अजून पुंटोच चालवता? फियाट तर गेली ना इथून! मग पार्ट कुठून आणता?" हल्ली सेकंडहँड पुंटो घ्यायला निघालेली तरुण मुलंही विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

इंजिनाचे पार्ट मिळतात, आणि सहज मिळतात. पुंटोतलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटचं खरं, पण भारतभर ते जास्त धावलं मारुतीच्या बोनेटखाली. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सगळ्यांत हेच. टाटाच्या इंडिका व्हिस्टातही हेच. टॅक्सीवाल्यांनी या इंजिनावर लाखांनी किलोमीटर काढले. त्यामुळे हे इंजिन कधीच न उघडलेला डिझेलचा मिस्त्री पुण्यात शोधूनच काढावा लागेल. टर्बो आणि वायरिंग गाडीगणिक वेगळं असतं, तेवढं जाणकाराला बघू द्या. बाकी नाना पेठेतल्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानांत एक चक्कर मारली की काम होतं. शिवाय ही गाडी काही बोटीतून आलेली नाही. आपल्या नगर रस्त्यावर, रांजणगावच्या कारखान्यात बनलेली आहे.

खरी अडचण आहे ती पत्र्याची, काचेची आणि प्लास्टिकची. हेडलाइट, बंपर, आरशाचं कव्हर, दाराचं हँडल, डॅशबोर्डवरची बटणं. या वस्तू मारुतीच्या चालत नाहीत. त्यात २०१४ साली पुंटो इव्हो आली आणि गाडीचा पुढचा चेहराच बदलला, म्हणजे जुन्या पुंटोचा हेडलाइट हवा असेल तर नव्या पुंटोचा उपयोग नाही. अशा वेळी भंगारात निघालेली दुसरी पुंटो शोधायची आणि तिचा भाग काढून आणायचा. मिळतो, पण वाट बघावी लागते, आणि मालक मागेल ती किंमत द्यावी लागते.

म्हणून गाडी बघायला गेलात की सगळे करतात त्याच्या उलट करा. आधी बाहेरून फिरा. दिव्यांना तडा आहे का, बंपरच्या क्लिपा जागेवर आहेत का, चारही काचा बटणावर खालीवर होतात का, एसीची जाळी तुटलीय का, एकेक तपासा. मग इंजिन, तेही गार असताना. मालकाला आधीच फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका. दमलेलं इंजिन आणि धडधाकट अंग असलेली पुंटो मी घेईन. पण धडधाकट इंजिन आणि मोडकं अंग असलेली कितीही स्वस्त मिळाली तरी नाही.

इतकं करून ही गाडी का घ्यायची? खंबाटकीची वळणं उतरताना तिचं स्टिअरिंग हातात घेऊन बघा. हायड्रॉलिक आहे, जरा जड आहे, पण रस्ता थेट तळहाताला कळतो. आजच्या छोट्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मला ते सापडत नाही. दार लावलं की जो भरीव आवाज येतो, तोही मला मनापासून आवडतो.

रोज संध्याकाळी हिंजवडीहून घरी येणाऱ्यांनी मात्र घेऊ नये. क्लच जड आहे, त्या गर्दीत डावा पाय भरून येतो. रोजची जवळची कामं आणि महिन्याकाठी कोल्हापूर-साताऱ्याची फेरी असेल, तर घ्या.

कागदपत्रांचं एकच सांगते. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेताना आरसीवरची नोंदणीची तारीख वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१२ ची पुंटो २०२७ मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागेल, पर्यावरण करही भरावा लागेल. घासाघीस करताना तो खर्च मालकाच्या किमतीतून वजा करायला सांगा.