अकूस्टिकचा आवाज उबदार करताना

सत्तरच्या दशकातलं एक रॉक गाणं कव्हर करत होतो आणि पहिल्या तीन टेकमध्ये माझी अकूस्टिक गिटार अशी वाजत होती की कोणी पत्र्याच्या डब्यावर तारा बांधल्यात. आधी ईक्यूवर (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करायची सोय) घसरलो, ट्रेबल म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर पाडत बसलो, तर आवाज उबदार व्हायच्या ऐवजी नुसता गोधडीखालून आल्यासारखा झाला. खरी गोम माइकमध्ये होती. साउंडहोल म्हणजे गिटारच्या बॉडीवरचं गोल भोक, त्याच्यासमोर ठेवला की बास घुमतो, म्हणून मानेवरच्या १२ व्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे आडवी धातूची पट्टी) साधारण २५ सेंटिमीटरवर आणला, किंचित बॉडीकडे वळवून. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) जितका जवळ तितका बास फुगतो, त्यामुळे दोन बोटं पुढेमागे केलं तरी फरक कळतो राव. मग तारा छेडायचं पातळ पिक ठेवलं बाजूला आणि अंगठ्याच्या मांसल भागाने, ब्रिजपासून (बॉडीवर तारा अडकवतात तिथून) लांब, साउंडहोलच्या मानेकडच्या कडेवर वाजवलं. बस्स, तिथेच निम्मं काम झालं! तारा फॉस्फर ब्राँझच्याच, पण वाजवून वाजवून चमक गेलेल्या, आणि या गाण्याला त्याच बऱ्या, नव्या टाकल्या असत्या तर परत किणकिणाट. गिटारमध्येच बसवलेल्या पिकअपची लाइनपण घेतली होती, पण त्यातल्या पिएझो सेन्सरचा तो प्लास्टिकी टणटणाट ऐकला आणि ट्रॅक म्यूटच करून टाकला.