राजीनामा

मेथी निवडताना डोळे आणि हात गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. म्हणून त्या वेळात मी पाकिस्तानी मालिका ऐकायचे. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा आणि अधूनमधून मान वर केली की पुरायचं. तिकडे कोणीतरी सोफ्यावर बसलेलं असतं, कोणीतरी चहा आणलेला असतो, आणि तो कोणीही पीत नसतं. इतक्या वर्षांत कप रिकामा झालेला मी पाहिला नाही.

एप्रिल २०२५ मधली दुपार होती. मालिकेतला वकील म्हणाला, "राज़ीनामा हो जाए तो लड़का कल घर आ जाएगा." माझी काडी हातातच राहिली. राजीनामा कोणी दिला? मुलगा तर नोकरीच करत नव्हता. जमीनदाराचा पोरगा तो, दिवसभर जीप उडवत फिरायचा आणि त्यातच एका मास्तरांचा मुलगा चिरडला होता. मागे नेऊन पुन्हा ऐकलं, तेव्हा उजेड पडला. तिकडे राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, तडजोड. नोकरी सोडणारा इस्तीफ़ा देतो.

आमचे आजोबा तलाठी होते. त्यांच्या दप्तरात 'राजीनामा-कबुलायत' असा जोडशब्द होता. एकाने जमीन सोडली त्याचा कागद आणि दुसऱ्याने धरली त्याचा. म्हणजे शब्द आपल्याकडे येताना वाटेत कुठेतरी थांबला असणार, राजीखुशीने सोडणं या मुक्कामावर. पुढे आपण त्यातलं सोडणं तेवढं ठेवलं. राजीनामा देणाऱ्यांत राजी किती असतात, ते कुठल्याही ऑफिसात विचारावं.

या मालिकांशी माझी गाठ पडली ती कोल्हापुरात, मी सातवीत असताना. आमच्या गल्लीत व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने यायचा, वर्गणी काढून. दोन सिनेमे ठरलेले असायचे. त्या रात्री दुसऱ्या सिनेमाची कॅसेट मिळाली नाही आणि लायब्ररीवाल्याने 'हे लोक लई बघतात' म्हणत 'धूप किनारे' हातात दिली. कराचीच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची गोष्ट. हसीना मोईन यांनी लिहिलेली, १९८७ ची. कॅसेट कुवेतहून आलेल्या कुणाकडून तरी, कॉपीची कॉपी होत होत कोल्हापुरापर्यंत पोचलेली. पडद्यावर खालून वर रेघा सरकायच्या. दर अर्ध्या तासाने काका कोऱ्या नोटेने हेड पुसायचा आणि सगळे श्वास रोखून बसायचे.

मारामारी नाही, गाणी जवळजवळ नाहीत, त्यामुळे गल्लीतली पोरं दहा मिनिटांत उठून गेली. बायका बसल्या. मरीना खानची डॉक्टर झोया अशी खिदळायची की आमच्या वर्गातलीच कोणीतरी वाटावी. राहत काज़मी यांचा डॉक्टर अहमर तिला रागवायचा, तोही 'आप' म्हणून. आजीला त्याचंच नवल. "भांडत्यात बग कशी, सोयरिकीला आल्यागत," म्हणाली. आमच्याकडे प्रेमातसुद्धा इतक्या हळू आवाजात कोणी बोलत नव्हतं.

पुढे आणखी कॅसेटी आल्या. त्यांतल्या कुठल्यातरी एका मालिकेत बाप अभिमानाने सांगत होता की त्याचा मुलगा तालीम के लिए लंदन गया है. आजी खुर्चीत सरळ झाली. "लंडनात कसली आलीय तालीम? गंगावेशीतली तालीम काय ओस पडली व्हय?" त्या मुलाची शरीरयष्टी पाहता शंका रास्तच होती. शाळेत हिंदी होतं म्हणून मी तिला समजावलं, की तिकडे तालीम म्हणजे शिक्षण. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग आपलं काय निराळं हाय?" यावर मला तेव्हाही उत्तर सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मला ही खोड लागली. लोक नायकाकडे बघतात, मी शब्द वेचते. नायिका म्हणते, 'मैं हैरान हूँ', आणि मला वाटतं बिचारीला सासरच्यांनी छळलंय. ती नुसती चकित झालेली असते. एखादा शिकस्त मान्य करतो, म्हणजे हरतो. आमच्याकडे मात्र प्रयत्नांची शिकस्त करणाऱ्याचं कौतुक होतं. हरकत म्हणजे तिकडे हालचाल, नाहीतर आगाऊपणा. आपण 'हरकत नाही' म्हणून मोकळे होतो. खुलासा म्हणजे सारांश. नायक दोन वाक्यांत खुलासा करतो आणि मी पुढचं स्पष्टीकरण ऐकायला थांबून राहते. आणि फ़ाज़िल म्हणजे विद्वान! हे कळलं त्या दिवशी लहानपणी झालेल्या माझ्या फाजील लाडांकडे मी नव्याने पाहिलं.

माझी भाची न्यूजर्सीत असते. तिचा नवरा तिथलाच, चार पिढ्यांत कोणाचा हिंदुस्थानशी संबंध नाही. तोही या मालिका बघतो, इंग्रजी अक्षरं वाचत. त्याला काय आवडतं विचारलं तर म्हणाला, घरं. एकाच घरात इतकी माणसं कशी राहतात आणि दार न वाजवता एकमेकांच्या खोलीत कशी शिरतात, हे त्याला थरारक वाटतं. दुसरं म्हणजे आत्यांची भीती. आत्या आली की काहीतरी वाईट घडणार हे तो तिसऱ्या भागात शिकला आणि आता 'फुप्पो' असं ओरडतो. पण एक गोष्ट त्याच्या हातून कायमची निसटते. तेरा-चौदा भाग 'आप आप' करणारा नायक एका रात्री गॅलरीत उभा राहून नकळत 'तुम' म्हणतो. माझ्या भाचीचे डोळे भरतात. खालच्या अक्षरांत आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'. तो विचारतो, काय झालं? ती म्हणते, काही नाही.

२०१४ च्या जूनमध्ये 'ज़िंदगी' वाहिनी सुरू झाली, तेव्हा आई निवृत्त शिक्षिका होती. 'ज़िंदगी गुलज़ार है' लागली आणि आमच्याकडे जेवणाची वेळ बदलली. फवाद खानवर सगळा देश फिदा होता. आईचा जीव मात्र नायिकेच्या, कशफच्या, आईत. नवऱ्याने मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न केलेलं, ही शाळेत शिकवून तीन मुली वाढवतेय. पगार आला की तिचा चेहरा कसा होतो ते आई निरखायची. पुढे कशफ सरकारी अधिकारी होण्याची परीक्षा पास झाली. आईने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. "पास झाली गं. आपली एमपीएससी असते ना, तसलीच." संध्याकाळी बर्फी आणली. शपथेवर सांगते, आणली.

आणि सव्वीस भागांत मालिका संपली. आईला पटेना. चांगली चाललेली मालिका संपवायची कशाला? आपल्याकडे नायिका दोनदा मरून परत येते, मधे वीस वर्षांची उडी बसते, तरी सासू तशीच. तिकडे मात्र गोष्ट संपली की संपली. आई आठवडाभर त्या वेळेला वाहिनी लावून बसायची, चुकून उरलेलं काही दाखवतील म्हणून. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये उरीनंतर त्या वाहिनीवरच्या पाकिस्तानी मालिकाच गेल्या. तेव्हा आई काही बोलली नाही. उरीच्या बातम्यांनंतर कोण काय बोलणार होतं.

हल्लीच्या मालिका मला तितक्या झेपत नाहीत. तमाचे फार वाढलेत. कोणीही उठतं आणि कोणाच्याही कानाखाली देतं, बहुतेकदा बाईच्या, आणि पाच भागांनी तीच बाई त्याच माणसासाठी दुआ मागते. अशा वेळी मी आवाज बंद करून मेथीत डोकं घालायचे. शब्द वेचणारीला हेही ऐकावं लागायचं.

त्या दुपारी राज़ीनामा ऐकला आणि उरलेली मेथी तशीच राहिली, कारण शब्दाच्या मागे गेले तर भलतीकडेच पोचले. तिकडच्या कायद्यात खून झालेल्याचे वारस आरोपीला माफ करू शकतात. खून झालेली मुलगी आणि मारणारा तिचा भाऊ असेल, तर वारस कोण? आईबापच. कंदील बलोच नावाची, इंटरनेटवर गाजलेली मुलतानकडची मुलगी जुलै २०१६ मध्ये अशीच भावाच्या हातून गेली. तिच्यावर पुढच्या वर्षी 'बाग़ी' ही मालिका आली, सबा क़मर होती त्यात, मी पाहिली होती. ती गेल्यानंतर तीन महिन्यांत कायदा कडक झाला. घराण्याच्या अब्रूसाठी केलेल्या खुनात वारसांनी माफ केलं तरी जन्मठेप व्हावी, असा. भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झालीही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने त्याला सोडलं. आईने माफी दिली होती.

माझ्या मालिकेतल्या मास्तरांपुढे वकिलाने कागद ठेवला होता. पेन त्यांच्या हातात, समोर चहाचा कप, भाग संपला. पुढचा बघायचं आज-उद्या करत राहिले, तेवढ्यात मे महिना आला आणि इकडे पाकिस्तानी मालिका दिसणंच बंद झालं. मास्तरांनी सही केली की नाही, मला माहीत नाही.