धान्य भरलं, पाणी भरलं, आत्यांची ठेव मात्र अडकली

घरात सहा महिन्यांचं धान्य भरून ठेवणं अवघड नाही. पाणी साठवायला सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. पण ज्या बाईने विड्या वळून वळून बोटं झिजवली, तिच्याच नावावरच्या ठेवीला वारस (नॉमिनी) लावायला एका सहकारी बँकेने आम्हाला जे हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग अजून उतरलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माझ्या नणंदेच्या घरात पाणी शिरलं. तिचं गाव माढा तालुक्यात, नदीकाठाला. माणसं आणि जनावरं वेळेवर निघाली, कागदांची पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर रेशनकार्ड, पासबुकं, पोरांचे दाखले सगळं चिकटून एक गठ्ठा झालेला. पंचनाम्याला आलेली माणसं आधार आणि पासबुक मागत होती, आणि वन्सं तो गठ्ठा उन्हात धरून एकेक पान सोडवत बसल्या होत्या. तिथून परत आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की आपलं घर आता नीट तयार करायचं. पुरासाठी करायचं, तसंच पैशाच्या संकटासाठीही.

पैशाचं संकट आमच्या घराने पाहिलेलं आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आणि लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पुढे मामंजींची गिरणी बंद पडली. एका महिन्यात पगार थांबला आणि तो परत कधी सुरू झालाच नाही. त्यानंतर घर चाललं ते आत्यांच्या विड्यांवर. मामंजींची थकबाकी पुढे कधीतरी मिळाली, ती त्यांनी आत्यांच्या नावावर मुदत ठेवीत टाकली. ते गेले, आणि ठेव आपोआप नवी होत राहिली. मधल्या काळात बचत खात्यावर कुणी व्यवहार केला नाही.

धान्य, पाणी, औषधं, कागद हे सगळं पटापट झालं. त्याबद्दल पुढे सांगते. आधी ठेवीचं.

ठेवीवर वारसच नव्हता. शिवाय व्याज धरून रक्कम पाच लाखांच्या पुढे गेली होती. बँक अडचणीत आली तर ठेव विम्यातून एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून जास्तीत जास्त पाच लाख मिळतात, तेही त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी ती एकच लाख होती. म्हणून वारस लावायचा आणि थोडी रक्कम दुसऱ्या बँकेत हलवायची, एवढंच काम होतं. ठेवीची मुदतही तोंडावर आली होती.

काउंटरवर कळलं की दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे बचत खातं बंद अवस्थेत गेलंय, केवायसी, म्हणजे कागद दाखवून ओळख पटवणं, नव्याने करावी लागेल, आणि आत्यांना स्वतः यावं लागेल. बँक पहिल्या मजल्यावर, जिना उभा. आत्या कठड्याला धरून, मध्ये पायरीवर बसत बसत वर आल्या. काउंटरवरच्या मुलाने अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं. "आजी, दाबून ठेवा." आत्यांनी अंगठा पदराला पुसला, ठेवला. लाल दिवा. मुलाने मशीनची काच रुमालाने पुसली. परत लाल. मग दुसरं बोट, तिसरं, डावा हात. आत्यांनी हात उलटा करून त्याच्यासमोर धरला. "रेषा कुठं ऱ्हायल्यात बाळा, विडीनं खाल्ल्या," म्हणाल्या. त्या बोटांची टोकं खरंच नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालीत. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका आहेत. इथल्या बँकेला हे माहीत नसेल असं कसं म्हणायचं?

मुलगा म्हणाला, मग केवायसी होणार नाही. शिवाय आधारवर नाव 'कमल' आहे आणि पासबुकावर 'कमलाबाई', त्यामुळे नाव बदलाचं राजपत्र आणा. नुसता वारस लावायचा म्हटलं तर सहीचा मुद्दा निघाला. आत्या साक्षरता वर्गात सही शिकल्या. आता हात थरथरतो, त्यामुळे जुन्या कार्डावरच्या सहीशी जुळत नाही. मग अंगठा द्या, पण त्याला दोन साक्षीदार आणा, आणि तेही बँकेचे सभासद पाहिजेत. खातं चालू करायला शुल्कही सांगितलं. साहेब कुठं आहेत विचारलं तर मीटिंगला गेलेत.

त्यानंतरचे कित्येक आठवडे मी कामावरून अर्धी रजा टाकून जायचे आणि प्रत्येक वेळी एक नवा कागद ऐकून यायचे. ठेवीची मुदत त्याच काळात संपली, आणि या वेळी ती आपोआप नवीही झाली नाही. मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी असेल तोच मिळतो. म्हणजे त्यांच्या टाळाटाळीचं नुकसान आत्यांच्या पैशातून जात होतं. याचा संताप मला आजही येतो.

मग मी नियम शोधून वाचले. ते इथे देते, कारण काउंटरवर कुणी सांगत नाही. केवायसीसाठी आधारच हवं असं नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यातलं एखादंही चालतं. पॅन नसेल तर त्याऐवजी ठरलेला फॉर्म भरून देता येतो. आत्यांच्या मतदार ओळखपत्रावर नाव 'कमलाबाई'च होतं, पासबुकासारखंच, मग राजपत्र हवंच कशाला! बंद पडलेलं खातं चालू करायला शुल्क घेता येत नाही. १ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे. वारसाच्या अर्जावर खातेदार सही करत असेल तर साक्षीदार लागत नाहीत. अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात, पण ते सभासदच असले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

हे सगळं तोंडी सांगून पाहिलं. "आमच्याकडे असं चालत नाही" हे उत्तर मिळालं. मग अर्ज लिहिला. एका पानात, मुद्दे वेगळे करून: खातं चालू करावं, मतदार ओळखपत्रावर केवायसी करावी, नवी नमुना सही घ्यावी, वारस नोंदवावेत, आणि यातलं काही होणार नसेल तर नकार कारणासह लेखी द्यावा. दोन प्रती केल्या. एकीवर आवक शिक्का आणि तारीख मागितली. शिक्का कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे आहे, असं सांगण्यात आलं. मी बाकावर बसून राहिले. साहेब आले तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्यांनी अर्ज वाचला, 'नकार लेखी द्यावा' या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. शिक्का मारला. मी शांतपणे सांगितलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन.

उत्तर त्याआधीच फोनवर आलं: आजींना घेऊन या. त्या दिवशी साहेब स्वतः जिन्याखाली आले. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात आत्यांना खुर्ची दिली. आत्यांनी चष्मा लावला, पेन घट्ट धरला आणि 'कमलाबाई' लिहिलं. 'ला'चा काना कागदाबाहेर जाईल की काय असं वाटलं, पण नाही गेला. तीच आता नवी नमुना सही. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो लिहून सांगता येणार नाही.

वारसाचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून बदलला आहे. आता ठेवीला चारपर्यंत नावं देता येतात, टक्के ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. आत्यांनी माझ्या नवऱ्याला आणि वन्संना निम्मं निम्मं दिलं. लॉकरला मात्र टक्के चालत नाहीत, तिथे नावं क्रमानेच लावावी लागतात. वारस नोंदवल्याची पोच बँकेने द्यायलाच हवी. ती हातात घेतल्याशिवाय उठू नका, आणि ठेवपावतीवर नोंद झाली का ते तिथेच वाचून घ्या. ठेवीचा एक भाग आम्ही दुसऱ्या बँकेत नेला.

लोकपालाबद्दल राहिलं: तक्रार मोफत असते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी, म्हणूनच आवक शिक्का महत्त्वाचा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लहान नागरी सहकारी बँकांपैकी ज्यांच्या ठेवी ५० कोटींच्या वर आहेत त्या या लोकपालाच्या कक्षेत येतात. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा ठेव विमा अजिबात नाही. व्याज जास्त मिळतं म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवलेली घरं आमच्याच गल्लीत आहेत. मी प्रत्येकीला सांगते आहे.

आता बाकीचं. ज्वारी आम्ही मार्च-एप्रिलमध्ये, रब्बीचा नवा माल आल्यावर घेतो, मंगळवेढ्याची मालदांडी. कडक ऊन देऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत. पीठ साठवू नका, ते लवकर कडू होतं. मात्र वीज गेली की पिठाची गिरणीही बंद, हे लक्षात ठेवा. माळ्यावर आत्यांचं जातं होतं, ते खाली काढून दगडाला टाकी लावून, म्हणजे नव्याने खाचे पाडून घेतलं. शिवाय सोलापूरकराच्या घरात आणीबाणीचं जेवण मुळातच असतं: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चूल न पेटवता खाता येतं. भाकरी पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात ठेवायची.

पाण्याचं म्हणाल तर या शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआडच नळ येत आलाय, त्यामुळे हौद आणि टाकी प्रत्येकाकडे आहे. पण हौदातलं पाणी मोटरीने वर चढतं. दोर आणि बादली ठेवा, आणि हौदाचं झाकण हाताने उघडतं का ते पाहून ठेवा. आमचं गंजून बसलं होतं. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, माणशी रोज तीन-चार लिटर धरून.

रोकड: नोव्हेंबर २०१६ मध्ये एटीएममधून सुरुवातीला दिवसाला दोन हजारच मिळत होते. ते आठवून महिन्याचा खर्च घरात ठेवतो, शंभर आणि दोनशेच्या नोटांत. पुरात वन्संच्या गावात वीज आणि मोबाईलची रेंज दोन्ही गेली तेव्हा फोनवरून पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता.

कागद: झिपवाल्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये, पाऊच पाठीवरच्या पिशवीत, पिशवी दाराजवळच्या खुंटीला. सगळ्या कागदांचे फोटो सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये आणि एक झेरॉक्स संच पुण्याच्या भावाकडे. एकाच पुरात दोन्ही घरं सापडू नयेत म्हणून संच दुसऱ्या गावात हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हललं होतं, त्यामुळे उंच कपाटं भिंतीला पट्टीने ठोकून घेतली आणि बॅटरी उशाशी असते.

महत्त्वाचे फोन नंबर वहीत लिहून त्याच पिशवीत ठेवलेत, कारण आत्यांना मोबाईल उघडता येत नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्या एक महिन्याच्या जास्तीच्या असतात. नवं पाकीट मागे, जुनं पुढे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स पाऊचमध्ये.