उचल घेताच कशाला?

"एवढा जाच आहे तर तुमची माणसं उचल घेतातच कशाला?" आमची माणसं ऊसतोडीला जाणारी, आणि उचल म्हणजे हंगामाआधीच मुकादमाकडून, मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून, घेतलेले आगाऊ पैसे. पुण्यात नवी ओळख झाली की तिसऱ्या-चौथ्या भेटीत हे येतंच. विचारणारे वाईट नसतात. कोयता म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी, कोप म्हणजे त्यांची झोपडी, खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड, हे त्यांना ठाऊक असतं. 2019 साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्यावरून झालेला गदारोळही आठवत असतो. म्हणून ते सोडून देते. उचलीपुरतं बोलते.

उचल हातात पडते पेरणीपासून दसऱ्यापर्यंत, आणि गाडी साखर कारखान्याकडे निघायच्या आधीच संपलेली असते. दुकानाची उधारी, दवाखाना, बी-खत, लेकीचं लग्न. पुढचा हिशेब तुम्हीच करा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. आता टनाला पावणेचारशे धरा. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात, म्हणजे साडेसातशे रुपये. लाखाची उचल फेडायला सव्वाशेच्या वर दिवस, एकही खाडा न पडता. तुमच्या कंपनीत आधी पैसे दिले की त्याला जॉइनिंग बोनस म्हणतात आणि पेढे वाटतात.

आता तात्यांचं. माझे चुलते. फळीवरून उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढताना पाय सटकला आणि कंबर गेली. काकू एकटीच तोडायला राहिली, म्हणजे कोयता अर्धाच. वर रोजचा खाडा. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा मुकादमाच्या वहीत उचल फिटायची बाकीच होती. त्यानं तात्या-काकूला गावी धाडलं आणि चुलतभावाला ठेवून घेतलं. फिटेपर्यंत पोरगा माझ्या शेतात राबेल, म्हणाला.

मी तेव्हा समाजकार्य शिकत होते. वेठबिगारीचा 1976 चा कायदा नुकताच वाचलेला, त्यामुळे अंगात वारं संचारलेलं. कर्जापायी दुसरीकडे जायची मोकळीक गेली तरी ती वेठबिगारी, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सावकारानं सिद्ध करायचं, मजुरानं नव्हे. कलम 15. अर्ज मीच लिहिला, तात्यांचा अंगठा घेतला, तहसीलमध्ये दिला.

चौकशीला साहेब आले, मुकादमाच्याच ओट्यावर बसले. पहिला प्रश्न, "कोंडून ठेवलं होतं का?" दुसरा, "पोराकडं मोबाईल आहे ना?" मुकादमानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेली हातउसनी पावती काढली. मी कलम सांगायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, त्यांना बोलू द्या." तात्या मुकादमाकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. म्हणाले, "पोरगं मर्जीनं ऱ्हायलंय, सायेब. देणं हाये आमचं." जबाबावर सही झाली, चहा झाला. मुकादमानं मलाही कप दिला आणि मी तो घेतला.

परतताना मी तात्यांना नाही नाही ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "पुढल्या साली उचल तू देणार हायेस का?"

त्या वयातली मी आजही भांडायला येते. उचल बंद करा, मुकादम आत टाका, म्हणते. मी तिला विचारते, मग जूनमध्ये पैसे कोण देणार? बँक ऊसतोड्याला दारात उभं करत नाही. राहतो खासगी सावकार, आणि तो तर वर्षभर व्याज खातो. ती म्हणते, म्हणजे तूही मुकादमाचीच बाजू घेतेस. नाही घेत. पण तोही कारखान्याकडून उचलूनच वाटतो. टोळी पळाली तर त्याची जमीन जाते, अशी घरं आमच्या तालुक्यात आहेत. माझ्या वडिलांनी एका वर्षी दोन मुकादमांची उचल घेतली होती. आईच्या ऑपरेशनला एकाची पुरेना. एकाकडे गेले, दुसऱ्याला वर्षभर तोंड चुकवलं. मोर्चात मी हे सांगत नाही. तिथल्या भाषणांत आमची माणसं फक्त फसवली जातात.

या सगळ्यात कारखाना कुठे असतो? कुठेच नाही. मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे, एवढं बोलून तो मोकळा. गोपीनाथ मुंड्यांच्या नावाचं महामंडळ झालं, टनामागे कारखान्यांनी पैसे भरायचं ठरलं, ग्रामसेवकाकडून ओळखपत्रं मिळू लागली. तात्यांचं ओळखपत्र मीच काढून दिलं. त्यावर ते ऊसतोड कामगार आहेत असं लिहिलंय. ते कुणाचे कामगार, ते लिहिलेलं नाही. माझा हट्ट त्या एका ओळीचा आहे. कारखान्याचं नाव तिथं आलं तर उचल आगाऊ मजुरी ठरेल, कंबरेचा खर्च मागता येईल, खाड्याचा जाब विचारता येईल. काकूला हे पटत नाही. कारखान्याला नाव घालायला लावलं तर तो माणसं घेणारच नाही, तोडणी यंत्रं आणील, म्हणते. यंत्रं तर फडात दिसायलाही लागलीत.

चुलतभावानं यंदा लग्न केलं. आता तो अर्धा कोयता नाही, पुरा आहे, म्हणून उचलही पुरी मिळाली. मला विचारलं नाही.