हर्णै ते मालवण: जाळ्याच्या आसातून दिसणारा जागतिक व्यापार

वेळासला कासवांची पिल्लं पाहून बहुतेक लोक आल्या वाटेने पुण्या-मुंबईला परततात. तसं करू नका. केळशी, आंजर्ले करत हर्णैला या आणि जाळी दुरुस्त करणाऱ्या खलाशांजवळ थोडं थांबा. वाळूत सोडलेलं पिल्लू मोठं झाल्यावर कशात सापडतं, ते तिथे कळतं. याच कासवावरून भारत आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत एकमेकांसमोर उभे राहिले होते.

वेळासबद्दल थोडक्यात. राहायची सोय गावातल्या घरांतच होते. साधी, स्वच्छ, आणि उकडीचे मोदक पोटभर. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी इथे जे काम उभं केलं, त्याबद्दल मनापासून आदर आहे. राग येतो तो दोरी ओलांडून, मोबाइल पुढे करून पिल्लांच्या वाटेत उभ्या राहणाऱ्यांचा. पाण्यापर्यंतचं ते अंतर पिल्लाने स्वतः कापायचं असतं.

हर्णैचा लिलाव दुपारी चारनंतर रंगतो. चिखल, वास, रेटारेटी सगळं आहे, आणि ते तसंच असू द्यावं. हे बंदर आहे, पर्यटनस्थळ नंतर. सगळे कॅमेरे पापलेट-सुरमईच्या राशींवर असतात. मला जास्त पाहावंसं वाटलं ते काठावर पसरलेलं ट्रॉलचं जाळं: पुढे रुंद तोंड, मागे निमुळतं होत गेलेलं अंग आणि शेवटी मासळी साठते ती खोळ. हे जाळं बोटीमागे तळालगत दोन-तीन तास ओढतात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. इतका वेळ पाण्याखाली कोंडलं गेलं की ते गुदमरून मरतं.

यावरचा उपाय म्हणजे टेड, कासव सुटका यंत्र. खोळीच्या आधी जाळ्यात धातूच्या उभ्या दांड्यांची जाळी तिरकी बसवायची, साधारण 45 अंशांत. अमेरिकेच्या नियमाने दोन दांड्यांमधलं अंतर 4 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. कोळंबी दांड्यांमधून मागे जाते. कासव आदळतं, घसरतं आणि टोकाशी कापलेल्या दारातून बाहेर पडतं. दारावर जाळ्याचीच झडप असते, ती पाण्याच्या दाबाने मिटलेली राहते.

कागदावर सोपं, पाण्यात नाही. दांड्यांची जाळी फार उभी बसली तर कासव घसरत नाही, दांड्यांना चिकटूनच राहतं, आणि प्लास्टिक, शेवाळ, जेलीफिश अडकून वाट तुंबते. फार आडवी झाली तर झडप उघडी राहते आणि कोळंबी बाहेर सांडते. धातूचं वजन तोलणारे बोये कमी पडले तर जाळं तळाला घासतं किंवा पिळवटतं. झडपेचं जाळं वापरून सैल पडतं, ते वेळेवर बदलावं लागतं. कोकणात आणखी एक मोठी अडचण आहे. टेडची रचना कोळंबीपुरत्या मासेमारीसाठी झाली. इथला ट्रॉलर कोळंबीबरोबर म्हाकूल (स्क्विड) आणि मोठी मासळीही आणतो, त्यावरच डिझेलचा खर्च निघतो. कासवाच्या दारातून मोठी घोळ मासळी निघून गेली तर तो तोटा मालकाचा आणि खलाशांचाही. टेड इथे सर्रास दिसत नाही, त्यामागे हे कारण आहे. मच्छीमाराला कासवाची पर्वा नाही म्हणून नव्हे.

अमेरिकेने 1989 मध्ये कायदा केला: कासव वाचवायची व्यवस्था नसलेल्या देशाची समुद्रातली कोळंबी घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी त्याविरुद्ध व्यापार संघटनेत दाद मागितली. 12 ऑक्टोबर 1998 च्या अपील निकालाबद्दल आपल्याकडे 'आपण जिंकलो' एवढंच सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. कासव जपण्यासाठी व्यापारावर बंधन घालता येतं, हे अपील मंडळाने मान्य केलं. चूक काढली ती अमेरिकेच्या वागणुकीत. कॅरिबियन भागातल्या देशांना टेड बसवायला तीन वर्षं दिली, तंत्र आणि पैशांची मदत दिली. आशियातल्या देशांच्या वाट्याला आले चार महिने. हाच पक्षपात मंडळाला मान्य नव्हता. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, कायदा कायम राहिला, आणि 2018-19 मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला तिथली बाजारपेठ बंद झाली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ती अट नाही, त्यामुळे एकूण निर्यातीचे आकडे पाहून ट्रॉलरवाल्याची झळ कळत नाही.

दाभोळ आणि जयगडच्या फेरीबोटी, मग रत्नागिरी. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. मिरकरवाडा बंदरावर दिवसभर डिझेलचीच चर्चा ऐकू येते. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा राज्य सरकार देतं. व्यापार संघटनेचा 17 जून 2022 चा मासेमारी अनुदानांचा करार बेकायदा मासेमारीला आणि अतिउपशाने घटलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला मिळणारी अनुदानं रोखतो. बोटींची ताकद वाढवणाऱ्या, म्हणजे इंधनासारख्या अनुदानांचा प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोडला आहे. खोल समुद्रात दूरवर न जाणाऱ्या विकसनशील देशांना 25 वर्षांची सवलत हवी, ही भारताची मागणी मला रास्त वाटते. 15 सप्टेंबर 2025 ला करार लागू झाला तेव्हा भारत त्यात नव्हता. अंमलबजावणीच्या मदतीसाठी वेगळा निधी आहे, पण तो करार स्वीकारलेल्या विकसनशील देशांनाच मिळतो.

मालवणला याची दुसरी बाजू दिसते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या सिंधुदुर्गातल्या प्रकल्पात ट्रॉलरना 40 मिलिमीटर चौकोनी आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, खोळी दिल्या गेल्या. रचना कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेची. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो आणि बोटाएवढी पिल्लंही आत राहतात, ती शेवटी कुटीच्या, म्हणजे टाकाऊ मासळीच्या, भावाने जातात. चौकोनी आसाचे धागे ओढीला समांतर आणि आडवे असतात, म्हणून भोकं उघडी राहतात. मात्र गाठीचं जाळं तसं लावलं की गाठी सरकून आस वेडावाकडा होतो. बिनगाठीचं जाळं महाग, तरी तेच टिकतं. इथे नियमाआधी जाळं हातात आलं, वापरून बघता आलं.

टेडसाठीही हाच क्रम हवा: आधी उपकरण, प्रशिक्षण आणि पहिल्या हंगामाच्या तोट्याची भरपाई, मग सक्ती. तोटा मोजणं अवघड नाही. सारख्या ताकदीच्या दोन बोटी घ्यायच्या, एकीला टेड, दुसरीला नाही. एकाच पट्ट्यात, एकाच वेळी, तेवढाच वेळ जाळी ओढायची आणि दोन्हींची मासळी जातवार तोलायची. काही फेऱ्यांनी टेड या बोटीवरून त्या बोटीवर न्यायचा, म्हणजे तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या) कसबाचा फरक टेडच्या खाती पडत नाही. ही तोलाई बंदरावर, सगळ्यांसमोर व्हावी.