बोर्ड गेला म्हणाले, बोर्ड ठणठणीत होता

मी गोव्यातल्या डिचोलीचा, जत्रांतल्या नाटकांची शूटिंग करतो आणि घरीच एडिट करतो. पीसी २०१९चा, प्रोसेसर रायझन ३ २२००जी आणि बी४५० मदरबोर्ड. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ म्हणतं हा प्रोसेसर चालणार नाही. मला वाटलेलं रायझन २६०० चालतो म्हणजे हाही चालेल, पण २२००जी आतून पहिल्या पिढीचाच निघाला, नुसत्या नंबरावर जाऊ नका.

तरी फक्त विंडोजसाठी मी नव्या प्रोसेसरला पैसे काढले नसते. एक्सपोर्ट लावून टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि रॅम अर्धी रिकामी, तेव्हा पटलं. त्याआधी एकदा असाच रखडायचा तेव्हा डिस्क १०० दाखवत होती, एसएसडी टाकली आणि प्रोसेसरचा खर्च टळला.

घेतला रायझन ५ ५६००जी, ६ कोर १२ थ्रेड, सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो तो खाचा) तोच एएम४. नव्या एएम५ सॉकेटला गेलो असतो तर बोर्डही नवा, डीडीआर५ रॅमही नवी, आणि रॅमचे भाव तर विचारूच नका.

म्हापशाच्या एका दुकानात चिप घेतली, म्हटलं बसवून पण द्या. बसवली, बटन दाबलं, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी. दुकानातला पोरगा म्हणाला ठेवून जा, फाल्यां (उद्या) बघतो. दुसऱ्या दिवशी फोन केला, फाल्यां. तिसऱ्या दिवशी बसने गेलो तर माझा कॅबिनेट कोपऱ्यात उघडाच, वर कोणाचा तरी प्रिंटर ठेवलेला. मालक म्हणाले बोर्ड गेला, नवा बोर्ड घ्या, नाहीतर सरळ एएम५ करा. मी म्हटलं अहो त्या दिवशी सकाळी घरून निघाला तेव्हा चालत होता, बायोसचं (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) काही असेल का? म्हणाले बायोसचा काय संबंध, तो आम्ही बघितला. काळ्या स्क्रीनवर काय बघितला ते देवालाच ठाऊक. असे नऊ दिवस गेले, इकडे पहिल्या जत्रेचं नाटक एडिटला पडलेलं. शेवटी चेकिंगचे ५०० रुपये भरून सगळं उचलून आणलं.

घरी जुना २२००जी परत बसवला, पहिल्या झटक्यात सुरू! बायोसची तारीख २०१८. ५६००जी २०२१ मध्ये आला, त्या बोर्डाला तो ओळखीचा कुठून असणार? बोर्डावर छापलेलं रिव्हिजन (आवृत्तीचा नंबर) बघून कंपनीच्या साइटवरून नेमकी तीच फाइल घेतली, पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून अपडेट मारला. अपडेट चालू असताना करंट गेला तर बोर्ड खरंच जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला, आपल्याकडे करंटचा काय भरवसा. मग नवी चिप बसवली आणि स्क्रीन आली तेव्हा मी एकटाच खोलीत ओरडलो, आई धावत आली.

म्हणजे जुनी चिप काढायच्या आधीच बायोस अपडेट करा. आणि एएम४चा कूलर सरळ वर ओढू नका, थोडा वेळ पीसी चालवून मधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून हलकेच फिरवत काढा, नाहीतर प्रोसेसर त्यालाच चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

हां, ‘जी’ नसलेल्या ५६००मध्ये ग्राफिक्स नसतं, कार्ड नसेल तर तिथेही स्क्रीन काळीच. आणि जीवाल्याला रॅमच्या दोन पट्ट्या लावा, ग्राफिक्स रॅमवरच चालतं. माझी अजून १६ जीबीची एकच आहे, दुसरी भाव उतरल्यावर.